अननस जरा बाजूला ठेवा

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या बाई 34 वर्षांच्या, चिंचवडला राहतात, नोकरी करतात. सासूबाई 61 वर्षांच्या, मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. लहानपणी आईवडिलांबरोबर आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाण्यात त्यांची वर्षं गेली. शाळा पाहिली ती बाहेरूनच. तीन वर्षांपूर्वी सासरे वारले, तेव्हापासून त्या मुलाकडे राहतात. सही करता येते, वाचता काही येत नाही. दोन महिन्यांपूर्वी औषधाच्या दुकानातून रक्तदाबाची गोळी वेगळ्या कंपनीची आली. पाकिटाचा रंग वेगळा, म्हणून ही निराळीच गोळी असं समजून त्यांनी चार दिवस जुनी आणि नवी दोन्ही घेतल्या आणि चक्कर येऊन पडल्या. लागलं नाही, पण घर घाबरलं. त्याच आठवड्यात सूनबाईंनी पाटी आणली, पहिलीतल्या मुलाचं पुस्तक घेतलं आणि रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास शिकवणी सुरू केली. ‘अ’ ते ‘अः’ आठवड्यात तोंडपाठ झालं, पण पुस्तकातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं की ओळखू येईना. नवव्या दिवशी नातू म्हणाला, “आजी, तुला एवढंपण येत नाही?” त्या हसल्या, पाटी खाली ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून कधी कंबर दुखते, कधी भजन आहे. “माझ्या गवऱ्या मसणात गेल्या, आता पाटी घेऊन काय करू माय?” नवरा म्हणतो, आईला कशाला त्रास देतेस. सूनबाईंचे प्रश्न दोन : या वयात खरंच शिकता येत नाही का? की त्यांना शिकायचंच नाही? आणि जाता जाता त्यांनी एक लिहिलंय, की सोसायटीच्या हळदीकुंकवाला नाव लिहायची वही फिरली, आईंनी ती त्यांच्याकडे सरकवली, आणि ‘मला फार कसंतरी झालं’.

ताई,

आधी गोळ्यांचं निस्तरू, कारण ते अक्षरओळखीची वाट बघत थांबू शकत नाही. समजा उद्या तुमच्या आई घडाघडा मराठी वाचायला लागल्या. तरी त्या पाकिटावर काय वाचणार? औषधाचं नाव इंग्रजीत, तेही मुंगीएवढं, चंदेरी कागदावर. माझं शिक्षण एम. ए. पर्यंत झालंय आणि मीही ते पाकीट ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघते. तेव्हा दोन डब्या करा, एकीवर सूर्य, एकीवर चंद्र. चित्रं त्यांनाच काढू द्या. जुनं पाकीट संपेपर्यंत नवं त्यांच्या हातात द्यायचंच नाही, आणि कंपनी बदलली तर तोंडी सांगायचं, असं दुकानदाराला बजावून ठेवा. एवढ्याने तो प्रश्न सुटतो. साक्षरतेने तो सुटणार नव्हता.

हे आधी सांगितलं त्याला कारण आहे. तुमच्या मनात काळजी होती, ते पत्रात दिसतंच. पण आईंच्या जागी बसून बघा. आपल्या हातून चूक झाली, चारचौघांत बोलणं झालं, मुलाने आवाज चढवला असेल, आणि तीन दिवसांत समोर पाटी. शाळेत कधी न गेलेल्या माणसालाही शिक्षा ओळखता येते.

आणि ते हळदीकुंकू. कसंतरी कोणाला झालं? तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणून विचारायचं धाडस करते. आईंनी वही तुमच्याकडे सरकवली हे त्यांचं नेहमीचं कसब आहे. चाळीस वर्षं त्यांनी असंच निभावलंय. ‘चष्मा घरी राहिला’, ‘तूच वाच गं, मला घाई आहे’, ‘माझं अक्षर चांगलं नाही’, ही वाक्यं निरक्षर माणसांच्या खिशात सुट्या पैशांसारखी असतात. तुम्हाला लाज वाटली यात गुन्हा काही नाही. पण शिकवणी तुमच्या लाजेपोटी आहे की त्यांच्या गरजेपोटी, हे त्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं. तुमच्या पत्रात पाटी आहे, पुस्तक आहे, नातू आहे, नवरा आहे. आईंना काय वाचावंसं वाटतं, ते मात्र कुठेच नाही. विचारलंत का?

थोडं माझं सांगते, कारण या प्रकरणात माझाही एक जुना हिशेब आहे. 1991 साली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. राष्ट्रीय साक्षरता मिशन 1988 मध्ये सुरू झालेलं, जिल्ह्याजिल्ह्यांत साक्षरता अभियान पोचत होतं, आणि आम्ही पोरी खांद्याला शबनम अडकवून मराठवाड्यातल्या एका तालुक्यात स्वयंसेविका म्हणून जात होतो. मिशनने वयोगट ठरवला होता 15 ते 35. घरोघर फिरून याद्या केल्या, आणि हिवाळ्यात संध्याकाळचे वर्ग सुरू केले. हिवाळ्यात! यादीतल्या कितीतरी नावांच्या घराला कुलूप. शेजारी सांगायचे, कारखान्याला गेलेत, पाडव्याच्या आगेमागे येतील. आम्ही नावापुढे ‘बाहेरगावी’ असा शेरा मारायचो आणि पुढच्या दारात जायचो.

तुमच्या आईंचं वय 61 वाचलं आणि मी बोटांवर मोजलं. त्या वर्षी त्या सत्तावीस-अठ्ठावीसच्या होत्या, वयोगटात अगदी चपखल. आणि हिवाळाभर ऊस तोडत कुठेतरी होत्या. माझ्याच यादीत त्या होत्या असं नाही. पण तो शेरा त्यांच्यासारख्यांच्याच नावापुढे पडला. त्याच्या आधी वीस वर्षं, लहानपणी, त्यांची शाळाही अशीच हुकली असणार. दसरा-दिवाळीनंतर गाडी निघाली की वर्गात त्यांची जागा रिकामी, आणि परत येईपर्यंत वर्ष संपत आलेलं. त्यामुळे ‘या वयात येत नाही का’ हा प्रश्न मला जरा उलटा वाटतो. येण्याच्या वयात दोन्ही वेळा आपण त्यांना गाठलं नाही.

त्यातून कागदाशी त्यांचं नातं काय असेल तेही बघा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादम उचल देतो, हिशेब वहीत लिहितो, आणि अंगठा घेतो. फेड किती झाली, किती राहिली, सगळं त्या वहीत, आणि वही त्याच्याकडे. मोळ्या किती बांधल्या, गाडी किती टनांची भरली, हे बाईला तोंडी पक्कं ठाऊक, पण कागद बोलतो ते खरं. इतकी वर्षं अक्षर ज्यांच्या विरुद्ध बाजूला उभं राहिलं, त्यांनी ते ‘अ अननसाचा’ म्हणून एका आठवड्यात कडेवर घ्यावं ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

अननसावरून आठवलं. आमच्या वर्गात अठरा बायका होत्या. पहिल्या दिवशी मी खडूने फळ्यावर अननस काढला. कोणी म्हणालं कणीस, कोणी म्हणालं निवडुंग. अठरापैकी एकीनेही अननस पाहिलेला नव्हता. मी मात्र अननस समजावण्यात अर्धा तास घालवला! आजही पहिलीचं पुस्तक मोठ्यांसमोर ठेवताना हेच होतं. चित्र, गाणं, बदकाची पिल्लं, सगळं सहा वर्षांच्या मुलासाठी असतं. 61 वर्षांच्या बाईला ते पुस्तक आधी लहान करतं, मग शिकवतं.

तर तुमच्या नऊ दिवसांत नेमकं काय चुकलं? आईंनी ‘अ’ ते ‘अः’ आठवड्यात पाठ केलं म्हणता. यात नवल काही नाही. भजनं, आरत्या, ओव्या ज्यांना शेकड्याने पाठ, त्यांना बारा आवाज म्हणजे काय! पण पाठांतर कानाचं काम आहे आणि वाचन डोळ्याचं. कानाने केलेल्या पाठांतराला डोळ्याची जोड मिळालीच नाही. शिवाय हा क्रम शिकणाऱ्याच्या सोयीचा नाहीच. ‘अः’ची आणि त्यांची गाठ आयुष्यात कधी पडणार? स्वर बहुतेक वेळा समोर येतात ते काना, मात्रा, वेलांटीच्या रूपात. आपल्याकडच्या जुन्या शिक्षकांना हे कळत होतं, म्हणून ‘गमभन’ आलं. या अक्षरांची ठेवण एकमेकींना जवळची, हात एका वळणाने चालतो.

मी सुरुवात करेन ती त्यांच्या सहीपासून. सही येते म्हणता ना? बहुतेकांना ती लिहिता येत नसते, काढता येते. रांगोळीसारखी, एका झटक्यात, डावीकडून उजवीकडे. तपासून बघा. त्यांचं नाव तुम्ही तुमच्या अक्षरात, चार नावांच्या मध्ये, मोठं लिहा आणि कुठलं तुमचं ते विचारा. ओळखलं तर उत्तम, नाही ओळखलं तरी काही बिघडत नाही.

समजा त्यांचं नाव कमल आहे. जाड कागदाच्या तीन चिठ्ठ्या करा : क, म, ल. नाव लावून द्या, मोडा, त्यांना लावू द्या. मग जागा बदला, कलम. एक चिठ्ठी काढा, कम, कल. आता चौथी चिठ्ठी आणा, नुसता काना. इथे थांबा आणि घाई करू नका, कारण इथेच खरी मजा आहे. तीन अक्षरं आणि एक काना, तीच पुन्हापुन्हा वापरून काका, मामा, काल, लाल, मका, मला, काम, माल, मालक, कमाल, कामाला एवढे शब्द निघतात. ‘मला काम.’ ‘काकाला मका.’ ‘काल मालक कामाला.’ दोन-तीन बैठकांत बाई वाक्य वाचते. पाठ केलेलं म्हणत नसते हं, वाचते. कारण ‘मालक’ तिने आधी कुठे पाठ केलेला नाही. चिठ्ठ्या सरकवताना ओठ हलतात, मग एकदम मान वर होते. तो क्षण मी अनेकदा पाहिलाय आणि त्याची सवय होत नाही. आणि ‘काम’, ‘माल’, ‘मालक’ हे शब्द आईंच्या चांगल्याच ओळखीचे निघतील, अननसापेक्षा बरेच जास्त.

नाव रुक्मिणी किंवा द्रौपदी असेल तर मात्र नावापासून नको, जोडाक्षरात पहिल्याच दिवशी अडकाल. तेव्हा नातवाचं नाव, गावाचं नाव, नाहीतर साधा ‘मका’ घ्या. दर आठवड्याला दोन-तीन अक्षरं पुरे, पण आधीची रोज पुन्हा समोर यायला हवीत.

काही खाचखळगे आधीच सांगते, म्हणजे तिथे अडलं की तुम्ही ‘डोक्यात शिरत नाही’ असं समजणार नाही. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. ‘ल’ आणि ‘श’ दोन तऱ्हांनी छापले जातात. आपण हाताने पाकळ्यांचा ‘ल’ काढतो आणि मोबाइलवर बऱ्याचदा हिंदी वळणाचा दिसतो. आपल्याला फरक जाणवतही नाही, नव्याने शिकणाऱ्याला ते दुसरंच अक्षर वाटतं. दोन्ही दाखवा, ‘हे एकाच बाईचे दोन फोटो’ म्हणून सांगा. ‘र’ तर बहुरूपीच. सूर्यात डोक्यावर, प्रकाशात पायाशी, ट्रकमध्ये आणखी निराळा, दुसऱ्यामध्ये अजून वेगळा. त्याला शेवटी ठेवा. आणि पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी, बोलली जाते नंतर. मोठी माणसं इथे हटकून अडतात आणि त्यांचं अडणं शहाणपणाचं आहे, कारण नियमच तिरपागडा आहे. तुमच्या शहराने तर त्यांची परीक्षाच घ्यायची ठरवलीय : चिंचवड, पिंपरी, निगडी, चिखली, सगळीकडे सुरुवातीलाच पहिली वेलांटी! पण त्याचा फायदाही आहे. एकदा ती वेलांटी बसली की बसच्या सगळ्या पाट्या एकदम उघडतात.

आता एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्ही आत्ताच देऊ शकाल. घरात सुईत दोरा कोण ओवतं? आई नातवाला हाक मारत असतील, तर शिकवणी थांबवा आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आपल्याला चाळिशी लागली हे आपल्याला कशावरून कळतं? पेपर लांब धरावा लागतो त्यावरून. ज्या बाईने आयुष्यात पेपर धरलाच नाही, तिला कळणार कसं? तिला वाटतं, अक्षरं अशी पुसटच असतात. अक्षरं येत नसली तरी डोळे तपासता येतात. इंग्रजी E सारखी आकृती असते, तिचे दाते कुठल्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवायचं. माझ्या वर्गातल्या, वयोगटाबाहेरच्या, पन्नाशीच्या एक मावशी तीन आठवडे ‘म’ आणि ‘भ’मध्ये घोटाळत होत्या. चष्मा आला आणि तो घोटाळा एका संध्याकाळीत मिटला. मी तोवर त्यांना मनातल्या मनात मंद ठरवून मोकळी झाले होते. आणि हो, शिकण्यात अडखळणं वेगळं आणि पूर्वी लख्ख असलेलं आता विसरायला होणं वेगळं. ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, भाजीत दोनदा मीठ घालणं असं काही नव्याने दिसत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

वयाचं म्हणाल तर, मोठेपणी शिकताना वेळ जास्त लागतो, हे खरं. पण मेंदूचं दार बंद झालेलं नसतं. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर माणसांना, त्यांत बहुतेक तिशीच्या आसपासच्या बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. 2017 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. मेंदूच्या अगदी आतल्या, जुन्या भागांतही बदल दिसले. तुम्ही म्हणाल, तिशी कुठे आणि एकसष्ट कुठे. मग मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाकडे बघा. तिथे 8 मार्च 2016 ला जिल्हा परिषदेच्या एका शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीपासून थेट नव्वदीपर्यंतच्या आज्यांची. गुलाबी नऊवारी हा गणवेश आणि वेळ दुपारची, घरातली कामं उरकल्यावरची. साडीचे फोटो सगळीकडे फिरले, पण मला त्यातली वेळ आणि सोबत या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. तिथे प्रत्येक जण आजीच असते. नातू हसला तर तो अख्ख्या गावाला हसेल!

तुमच्या घरी मात्र तीन पिढ्या, एक पाटी आणि शिकणारी एकटी. त्यातून शिकवणार कोण, तर सून. ज्या बाईने तुम्हाला घरातल्या चार गोष्टी सांगायच्या, तिने तुमच्यासमोर चुकायचं. तुम्ही कितीही गोड बोललात तरी हा पेच उरतो. म्हणून त्यांच्या भजनातल्या, नाहीतर बागेत भेटणाऱ्या एक-दोघी मिळतात का बघा. वाचता न येणाऱ्या आणखी कोणी तिथे आहेत हे त्यांना तुमच्यापेक्षा आधीपासून माहीत असेल. केंद्राचा ‘उल्लास’ नावाचा नवसाक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे, 15 वर्षांवरील कोणासाठीही, वरची मर्यादा नाही. जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव नोंदवता येतं, स्वयंसेवक म्हणून तुमचंही. शेवटी 150 गुणांची परीक्षा असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी 50. प्रमाणपत्र मिळतं. काहींना त्याने हुरूप येतो, काहींना ‘परीक्षा’ शब्दानेच घाम फुटतो. आई दुसऱ्या गटातल्या असतील तर त्याचं नावही काढू नका.

नातवाला रागावू नका, पण शिकवणीच्या वेळी तो तिथे नको. त्याची जागा दुसरीकडे आहे : झोपताना त्याने आजीला गोष्ट वाचून दाखवायची, आजीने मांडीवर पुस्तक घेऊन ऐकायची. बोट ओळीखाली कोणाचं सरकतंय याची विचारपूस करायची नाही.

आणि लिहिण्याचा आग्रह मागे ठेवा. कोयता धरलेल्या हाताला पेन्सिल फार बारीक लागते, बोटं दुखतात. वाचन पुढे जाऊ द्या, लेखन सावकाश मागून येईल. जाड खडू, मोठी पाटी. पाटी बरी, वहीत चूक राहते आणि पाटीवरची पुसली जाते.

पंधरा-वीस अक्षरं झाली की पुस्तकाऐवजी त्यांचंच बोलणं वाचायला द्या. मेथीची भाजी कशी करायची विचारा आणि त्या बोलतील तसं मोठ्या अक्षरात चार ओळी लिहा. ‘काय करायलीस’ म्हणाल्या तर ‘काय करायलीस’च लिहा. ‘करते आहेस’ करायला गेलात की संपलं. कागदावर त्यांना स्वतःचा आवाज सापडला पाहिजे, दुसऱ्या कोणाचा नको. ओव्या येत असतील तर त्याही लिहून घ्या. पण पाठ असलेलं त्या न बघताच म्हणतील, म्हणून मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, नाहीतर ओळी कापून उलटसुलट ठेवा.

नवऱ्याच्या नावाचा एक किस्सा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वर्गात एकीने आपलं पूर्ण नाव लिहायला शिकलं. तपासायला साहेब आले, म्हणाले वाचा. तिने स्वतःचं नाव वाचलं, मग पदर तोंडाशी, मग आडनाव वाचलं. मधलं वाचा म्हणाले. ती गप्प. साहेबांनी ‘अपूर्ण’ लिहिलं आणि गेले. मीही तिच्यावर चिडले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बायकांनी मला समजावलं की ती नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. मग मी म्हटलं, उखाण्यात घ्या. तिने पाटीवरच्या मधल्या शब्दावर बोट ठेवलं आणि असा झकास उखाणा घेतला की वर्ग हसून लोळला. आईंच्या बाबतीतही, त्या कुठे अडल्या तर कारण अक्षराचंच असेल असं धरू नका.

आईंना किती येईल? सांगते, म्हणजे निराशा नको. रोज वीस मिनिटं, सहा-आठ महिने केलं तर पाट्या, नावं, कॅलेंडर, ओळखीचे छोटे मजकूर अडखळत वाचतील. पेपर भराभर वाचणं ही फार लांबची गोष्ट. आपण एका नजरेत जो शब्द उचलतो तो त्या बराच काळ अक्षर अक्षर जोडून उचलतील, आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटेल. तेच ते हजारदा डोळ्यांखालून जावं लागतं. मध्ये महिनाभर खंड पडला तर बरंच धुऊन जाईल. पुन्हा सुरू करायचं, त्यात अपमान नाही.

आता त्या मूळ प्रश्नाकडे. काय वाचावंसं वाटतं हे त्यांनाच विचारा, पण शिकवणीचा विषय न काढता, भाजी निवडताना. माझा अंदाज विचाराल तर गावाकडे जमीन असेल आणि सासऱ्यांमागे वारसनोंद झाली असेल, तर सातबाऱ्यावर आपलं नाव नेमकं कुठे आहे ते त्यांना बघायचं असेल. मुकादमाच्या वहीने पोळलेल्या बाईला तो कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं पुरत नाही. किंवा फोन वाजला की फोटो नसलेलं नाव. किंवा यातलं काहीच नाही. फोनवर बोलून निरोप जातो, बसचे आकडे येतात, नोटा ओळखता येतात, माझं काही अडत नाही, असं त्या विचारपूर्वक म्हणाल्या तर ते उत्तरही ऐकून घ्या. ‘आईला कशाला त्रास’ म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांना एवढंच सांगा, की ते उत्तर आईने द्यायचं आहे, त्यांनी नाही. तुम्हीही नाही. आणि ‘गवऱ्या मसणात गेल्या’ हे मी नकार म्हणून ऐकलेलं नाही. नातवासमोर शरम वाटली हे सांगायला त्यांच्याजवळ दुसरं वाक्य नव्हतं.

माझ्या अनुभवात एक प्रश्न अशा घरांत दर पंधरवड्याला येतो : “एकादशी कधी आहे गं?” तुमच्याकडेही येत असेल. आजवर तुम्ही कामाच्या गडबडीत तारीख सांगून मोकळ्या झालात. या वेळी सांगू नका. कॅलेंडर भिंतीवरून उतरवा, दोघींच्या मध्ये ठेवा, आणि म्हणा, बघू या कुठे लपलीय. आकडे त्यांना येतात, चौकटी कळतात. ‘ए’ कसा दिसतो तेवढं तुम्ही दाखवा. सापडली की पुढच्या महिन्याचं पान त्यांच्याकडेच द्या.

पण चष्मा आधी.